सेवेचें वचन कीं वेठ?

गेल्या हंगामाच्या सणास आम्ही एका खेडेगांवच्या मंडळींत गेलों होतों. उपासना आटोपली, अर्पणाच्या धान्याचा लिलाव झाला, आणि लोक पांगल्यावर आम्ही देवळाच्या ओट्यावर बसलों असतां तेथील एक वृद्ध उपदेशक आमच्याजवळ येऊन बसले. त्यांच्या मनांत कांहीं तरी घोळत आहे हें दिसत होतें. त्या मंडळीची एक मुलगी मिशनच्या शिफारशीनें एका ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत आहे, आणि तिचें हें शेवटचें वर्ष आहे. शिक्षण संपल्यावर दोन वर्षें मिशन सांगेल त्या रुग्णालयांत काम करीन, असें तिनें प्रवेशाच्या वेळीं लिहून दिलें आहे. आतां तिचें मन डळमळूं लागलें आहे, आणि घरीं फोनवर ती तसें बोललीहि आहे.

वृद्ध म्हणाले, "गुरुजी, माझा बाप वेठ करून मेला. सरकारी माणूस गावात आला का त्याचं ओझं डोईवर घ्यायचं अन् पुढल्या शिवेपर्यंत पोचवायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. ती वेठ गेली, आम्ही देवाचे आभार मानले. आता आपणच आपल्या लेकीला कागदावर बांधून आणायचं, तर ही वेठच नव्हं का?"

"काका, तिनें स्वखुशीनें सही केली आहे, वेठीला कोणी सही घेत नसे," असें आम्ही म्हणालों. त्यांनीं "बरं गुरुजी" म्हटलें आणि ते उठून गेले. ज्या माणसाचें समाधान झालें तो इतक्या लवकर उठत नाहीं. आमचें उत्तर खोटें नव्हतें, परंतु पुरें नव्हतें; म्हणून तो प्रश्न आज वाचकांपुढें ठेवून त्याचा नीट विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्या वाचकांस ही व्यवस्था ठाऊक नाहीं त्यांजकरितां ती थोडक्यांत सांगतों. तमिळनाडूंतील वेल्लोर व पंजाबांतील लुधियाना येथें ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. वेल्लोर येथील पुष्कळ जागा निरनिराळ्या मंडळ्यांनीं व मिशनांनीं शिफारस केलेल्या उमेदवारांसाठीं असतात, आणि अशा उमेदवारानें डॉक्टर झाल्यावर दोन वर्षें आपणांस पाठविणाऱ्या संस्थेच्या रुग्णालयांत सेवा करावयाची असते. खासगी महाविद्यालयांत आज जेथें लाखों रुपये मोजावे लागतात तेथें येथील फी फारच थोडी आहे. तेव्हां शेतमजुराच्या मुलीला हें दार उघडें आहे, तें या वचनामुळेंच उघडें आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

लुधियान्याची शाळा डॉ. एडिथ ब्राउन यांनीं १८९४ सालीं उघडली. त्याच सालीं आमच्याकडे मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांचें रुग्णालय सुरू झालें, आणि तेथेंहि पुढें तरुणांस वैद्यकी शिकवून लहानमोठ्या दवाखान्यांवर पाठविण्यांत येत असे. वेल्लोरची गोष्ट आमच्या वाचकांनीं पुष्कळदां ऐकिली असेल. डॉ. आयडा स्कडर यांनीं १९०० मध्यें तेथें एका खाटेवर काम आरंभिलें, १९०२ मध्यें रुग्णालय उभें केलें, आणि १९१८ मध्यें केवळ मुलींसाठीं वैद्यकीय शाळा काढिली. पहिल्या तुकडींत १७ मुली होत्या. १९४२ पासून तेथें विद्यापीठाच्या पदवीचें शिक्षण मिळूं लागलें आणि १९४७ पासून मुलांसहि प्रवेश मिळाला.

आयडाबाईंचें मन कसें वळलें हेंहि सर्वांस ठाऊक आहे. मिशनरी व्हावयाचें नाहीं असा त्यांचा तरुणपणीं निश्चय होता. एका रात्रीं तिंडिवनम येथें त्यांच्या वडिलांच्या बंगल्यावर एकामागून एक तीन पुरुष आले. तिघांच्याहि बायका प्रसूतीच्या वेदनांत होत्या, आणि पुरुष डॉक्टर चालत नाहीं म्हणून ते या अशिक्षित मुलीस बोलावीत होते. सकाळपर्यंत तिघीहि मेल्या. त्या रात्रीनें त्यांचें सर्व आयुष्य बदललें. परंतु ही कथा आपल्या व्यासपीठांवरून इतक्या वेळां सांगितली गेली आहे कीं, सेवेचें पाचारण रात्रीं दार ठोठावूनच येतें, अशी आपल्या मुलांची समजूत झाली आहे. बहुतेकांच्या दारावर कोणीहि येत नाहीं. त्यांस येतो तो परीक्षेचा निकाल, आणि त्याच्या पाठोपाठ बापाची घाई व पाळकाच्या सहीचा कागद. आयडाबाईंनीं कोणालाहि लिहून दिलें नव्हतें. त्या मोकळ्या होत्या आणि मोकळेपणीं आल्या. आमच्या मुलीनें मात्र आधीं लिहून दिलें आहे, आणि मन मागून यावयाचें आहे. त्या दोघींमधील हा भेद आपण लपवूं नये.

आतां या मुलांचें तेथील आयुष्य कसें असतें तें पाहूं. कारण ज्यांनीं वचन मागावयाचें त्यांस वचन देणाराचे दिवस कसे जातात हें ठाऊक असणें उचित आहे. खेड्यांतील मराठी शाळेंत शिकलेली मुलगी प्रथम इंग्रजी व्याख्यानांत बुडते. पहिल्याच वर्षीं तिच्यापुढें मृत देह ठेविला जातो आणि त्याची एकेक शीर, एकेक स्नायु तिला नांवानिशी ओळखावा लागतो. त्या दिवशीं कित्येकांस जेवण जात नाहीं, आणि महिन्याभरानें जातें, याचेंहि मनाला कोठें तरी खुपत राहतें. वेल्लोरास महाविद्यालय व वसतिगृहें बागायम येथें, गांवाबाहेर टेकड्यांच्या पायथ्याशीं आहेत, आणि मोठें रुग्णालय शहरांत आहे. तेव्हां वरच्या वर्गांतील मुलांचा पुष्कळ काळ या दोहोंमध्यें जाण्यायेण्यांत जातो. अध्यापकांच्या कुटुंबांकडे थोडे थोडे विद्यार्थी सोंपविलेले असतात. तीं कुटुंबें त्यांस घरीं बोलावितात, जेवूं घालतात, आणि घरची आठवण येऊन रडावयाचें झाल्यास जागा देतात. ही रीत आम्हांस फार आवडते. मोठमोठ्या प्रार्थनामंदिरांनीं जें साधत नाहीं तें कधीं कधीं एका वाटीभर सांबारानें साधतें.

आणखी एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. पहिल्या वर्षांतच या विद्यार्थ्यांस जवळच्या एखाद्या खेड्यांत मुक्कामास नेतात. तेथें तीं मुलें घरोघर जाऊन माणसें मोजतात, पाणी कोठून येतें, चूल कोठें आहे, बाळंतपण कोणी केलें, कर्ज किती आहे, हें विचारून लिहून घेतात. शहरांतून आलेल्या मुलास तेथें प्रथमच कळतें कीं, "रोज तीन वेळां जेवणानंतर गोळी घ्या" असें सांगितलेल्या बाईला तीन वेळां जेवणच मिळत नाहीं. आमच्या मुलीला मात्र त्यांत नवें कांहींच नसतें. तिच्या सोबतीणी वहींत जें टिपून घेतात त्यांत ती वाढलेली असते. अशा वेळीं तिच्या मनांत काय येत असेल? कांहींजणींस आपल्या जन्मठिकाणाचा अभिमान वाटतो, आणि कांहींजणींस तेथें परत जाण्याची भीति त्याच क्षणीं उत्पन्न होते. दोन्ही भावना स्वाभाविक आहेत. ज्यानें गरिबी पुस्तकांत वाचली त्याला ती सेवेचें क्षेत्र वाटते. जो तींतून निसटून आला त्याला ती आपलें पाऊल मागें ओढणारी वाटते. आपण जेव्हां "आपल्या लोकांत परत ये" असें म्हणतों तेव्हां तिच्याकडे किती मोठी गोष्ट मागतों हें आपल्या ध्यानांत असावें.

पुढें वरच्या वर्षांत तिचें शिक्षण दोन हजारांहून अधिक खाटांच्या रुग्णालयांत होतें. एक रोग्यासाठीं चार विषयांचे तज्ज्ञ एकत्र बसतात; रक्त तपासून त्याच दिवशीं उत्तर येतें; हात चुकला तर धरणारा वडील हात शेजारीं असतो. आणि जावयाचें असतें तें चाळीस खाटांच्या दवाखान्यांत, जेथें भूल देणारा डॉक्टर आठवड्यांतून दोनदां येतो आणि रात्रीं विचारावयाचें तर कोणालाहि विचारतां येत नाहीं. शिकतांनाच कांहीं आठवडे त्यांस लहान मिशन रुग्णालयांत पाठविण्याची चाल आहे, तिनें हें अंतर थोडें कमी होतें. तथापि जी मुलगी म्हणते, "मला भीति वाटते, माझ्या हातून कोणी मरेल," तिला आळशी किंवा पैशाची लोभी म्हणणें अन्यायाचें आहे. तिला भीति वाटते हें ती चांगली डॉक्टर होण्याचें एक लक्षण आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. वेठ म्हणजे काय? ज्याला विचारीत नाहींत त्याच्याकडून घेतलेलें काम. ज्याला शेवट नाहीं, जें बापाकडून मुलाकडे वतनाबरोबर येतें, आणि ज्याचें फळ दुसऱ्याच्या घरीं जातें. १९५८ च्या कायद्यानें हीं हलकीं गणलेलीं गांवकीचीं वतनें रद्द झालीं, आणि त्यांबरोबर ती पिढीजात ताबेदारीहि कायद्यानें संपली. या अर्थानें पाहिलें तर दोन वर्षांचें ठरलेलें, पगारी, सहीनें कबूल केलेलें काम ही वेठ नव्हे. आमचें ओट्यावरील उत्तर एवढेंच होतें.

परंतु त्या वृद्धाच्या प्रश्नाचा खरा कांटा "विचारणें" या शब्दांत आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीस खरोखर कोणी विचारलें होतें काय? बापानें आधींच गांवभर सांगितलें होतें. मंडळीनें तिच्यासाठीं नांव घेऊन प्रार्थना केली होती. पाळकसाहेब शाल घेऊन आले होते. अशा वेळीं "मला नको" असें म्हणण्याची ताकद किती मुलींत असते? हन्नेनें शमुवेलाच्या जन्मापूर्वीं त्याला देवास देऊन टाकिलें, ही कथा आपण मातांस मोठ्या आवडीनें सांगतों. परंतु लहान शमुवेलास प्रभूनें स्वतः हांक मारिली, आणि ती त्याला ओळखूं येईपर्यंत पुन्हां पुन्हां मारिली, हा भाग आपण घाईनें वाचतों. आईचें वचन पुरेसें असतें तर त्या हांकेची गरज नव्हती. तेव्हां कांहीं अंशीं तो वृद्ध बरोबर आहे, हें आम्ही कबूल करितों. आपल्या पुष्कळ मुलांकडून आपण सही घेतों, संमति घेत नाहीं.

मग वचन रद्द झालें काय? येथें आमचें मत त्या मुलीस कदाचित् आवडणार नाहीं. पुष्कळजण म्हणतात, करारनाम्यांत रक्कम लिहिली आहे. ती भरली कीं माणूस मोकळा. कायद्यापुरतें हें खरें असेल. परंतु विचार करा कीं या मुलीला काय मिळालें होतें. तिला पैसे मिळाले नव्हते. तिला जागा मिळाली होती. वेल्लोरास एका वर्षीं एम.बी.बी.एस.च्या शंभर जागा. त्यांतील एकीवर ती बसली म्हणजे दुसरें कोणी तरी बसलें नाहीं. दुसऱ्या एखाद्या गांवची, तिच्याच सारखी, कदाचित् परत यावयास तयार असलेली मुलगी त्या वर्षीं घरीं राहिली आणि आज दुसऱ्याच कामाला लागली आहे. पैसे परत करितां येतात; जागा परत करितां येत नाहीं, आणि त्या दुसऱ्या मुलीचीं पांच वर्षें तर मुळींच नाहीं. कागद संस्थेशीं झाला आहे, पण वचन त्या न दिसणाऱ्या मुलीला आणि ज्यांच्यासाठीं डॉक्टर मागितला त्या रोग्यांना दिलेलें आहे. ही फेड बँकेच्या धनादेशानें कशी व्हावी, हें आम्हांस उमगत नाहीं.

कोणी म्हणेल, मन नसतांना केलेली सेवा काय कामाची? ज्याच्या पायाला रात्रीं दोन वाजतां फुरसें चावलें तो डॉक्टरास "आपण आनंदानें आलांत काय" असें विचारीत नाहीं. प्रभूनें सांगितलेल्या दोन मुलांच्या दाखल्यांत ज्यानें प्रथम नकार दिला पण पुढें मळ्यांत गेला तो आनंदानें गेला असें सांगितलेलें नाहीं; पस्तावा होऊन तो गेला एवढेंच सांगितलें आहे. आमचा अनुभव असा आहे कीं मन पुष्कळदां पायांच्या मागून येतें. नेहमींच येतें असें नाहीं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज एक फुली मारीत दोन वर्षें काढणारे तरुण डॉक्टरहि आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्याविषयीं वाईट बोलण्याची चाल आहे, ती आम्हांस पसंत नाहीं. त्यांनीं शब्द पाळला. आणि त्या फुल्यांच्या दिवसांतहि बाळें जन्मलीं व जगलीं.

येथें एक गोष्ट जातां जातां सांगतों. मुलगा वचन मोडतो तेव्हां आपण म्हणतों, "पुढील शिक्षणास गेला", मुलगी मोडते तेव्हां म्हणतों, "लग्न झालें." पहिल्याचा आपण अभिमान बाळगतों आणि दुसरीच्या नांवानें उसासा टाकतों. दोघांचें वचन एकच होतें. आणि मुलीच्या बाबतींत तर पुष्कळदां तिची सही मोडणारे हात सासरचे असतात, ज्यांस लग्नाच्या बोलणीच्या वेळीं त्या करारनाम्याविषयीं आपणच सांगितलेलें नसतें.

परत येण्याची इच्छा आधीं पारखतां येते काय, हाहि प्रश्न आहे. पूर्वीं वेल्लोरास उमेदवारांस बोलावून घेऊन, त्यांच्या मुलाखती घेऊन व त्यांना गटांत कामें करावयास लावून, हें थोडेंफार पाहिलें जाई. पुढें देशभर 'नीट' ही एकच प्रवेशपरीक्षा लागू झाली. आपल्या पद्धतीनें विद्यार्थी निवडण्याचा हक्क सुटूं नये म्हणून त्या महाविद्यालयानें २०१७ सालीं शंभरांपैकीं एकच विद्यार्थी घेतला, तोहि केंद्र सरकारनें नेमून दिलेल्या जागेवर, एका शहीद सैनिकाचें मूल म्हणून. बाकीचे बांक त्या वर्षीं रिकामे राहिले. एवढें करूनहि २९ एप्रिल २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं एकच प्रवेशपरीक्षा अल्पसंख्याकांच्या संस्थांसहि लागू आहे आणि त्यानें त्यांच्या हक्कांस बाध येत नाहीं. निकालाची एक बाजू चांगली आहे. ओळखीपाळखीनें आंत शिरण्यास त्यानें आळा बसतो, आणि आपल्या मंडळ्यांत ओळखीपाळखी नव्हत्या असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु गुणांनीं बुद्धि मोजतां येते. खेड्यांतल्या दवाखान्यांत राहण्याची तयारी त्यांत दिसत नाहीं. ती पाहण्याचें काम आतां मुख्यतः शिफारस देणाऱ्या मंडळीकडे येऊन पडलें आहे, आणि आम्ही तें काम कसें करितों? रविवारीं उपासनेनंतर, जेवणाची घाई असतांना, पंचांकडून पांच मिनिटांत सह्या घेऊन.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं मुलीचें वचन खरें आहे आणि तें तिनें पाळावें. परंतु तें वसूल करण्याचा आपला अधिकार आपण समजतों तितका मोठा नाहीं. पौलानें फिलेमोनास अनेसिमाविषयीं जें पत्र लिहिलें तें आमच्या पंचांनीं पुन्हां एकदां वाचून पाहावें. पौलाला आज्ञा करितां आली असती. तसें तो सांगतोहि. पण त्यानें विनंति केली, कारण ओढून घेतलेला चांगुलपणा त्याला नको होता. आमच्या मंडळींत काय होतें? "तुझ्यासाठीं आम्ही एवढें केलें" येथपासून बोलण्यास आरंभ होतो, आणि मुलीच्या बापास वर्गणीच्या वेळीं सर्वांदेखत टोमणा मारण्यापर्यंत जातो. अशा रीतीनें मागितलेलें वचन पाळलें गेलें तरी त्याला वेठीचा वास येतो. आमच्या वृद्ध उपदेशकाच्या नाकाला तो बरोबर आला.

शिवाय वचन एकीकडूनच असतें काय? मुलीनें दोन वर्षें देण्याचें कबूल केलें तेव्हां पाठविणारांनीं तिला काम करितां येईल अशी जागा देण्याचें कबूल केलेंच होतें, कागदावर लिहिलेलें नसलें तरी. या मुलीस जेथें जावयाचें आहे त्या रुग्णालयांत आम्ही मागच्या पावसाळ्यांत गेलों होतों. डॉक्टरांच्या राहत्या घराचे पत्रे गंजले आहेत आणि स्वयंपाकघरांत तीन ठिकाणीं घमेलीं ठेवावीं लागतात. मागील तरुण डॉक्टरांस समितीचे सभासद रात्रीं अकरा वाजतां आपल्या पाहुण्यांचें रक्तदाब तपासावयास बोलावीत असत, आणि ते गेले नाहींत तर गर्विष्ठ ठरत. अवघड रोगी आल्यास कोणाला फोन करावयाचा, याची व्यवस्था कोणीहि ठरविलेली नाहीं. मुलीला दोन वर्षांचा हिशेब मागण्यापूर्वीं या हिशेबाचें काय?

आम्हीं तिला पत्र लिहिलें. तूं आलीच पाहिजेस असें लिहिलें नाहीं. आम्हांस तुझ्या वचनाविषयीं असें असें वाटतें, आणि आमच्याकडून जें राहिलें आहे तें असें असें आहे, एवढेंच लिहिलें. पंधरा दिवसांनीं तिचें उत्तर आलें. तिनें लिहिलें होतें, "काका, मी अजून ठरविलेलें नाहीं. पण तेथें रात्रीं शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल कोण देणार, आणि मला कोणाला विचारतां येईल, हें आधीं कळवाल काय?" पत्र्यांविषयीं तिनें एक अक्षरहि लिहिलें नव्हतें.

तें पत्र आम्ही त्या वृद्ध काकांस वाचून दाखविलें. त्यांनीं तें पुन्हां एकदां वाचावयास लाविलें, आणि या खेपेस ते लवकर उठले नाहींत. रुग्णालयाच्या समितीची सभा पुढील महिन्याच्या पहिल्या शनिवारीं आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांचा व सल्ल्यासाठीं फोनच्या व्यवस्थेचा विषय कार्यक्रमपत्रिकेंत नाहीं, आणि घरदुरुस्तीचा विषय "ऐनवेळचे विषय" या सदराखालीं शेवटीं घातला आहे. ते दोन्ही विषय आरंभीं घेण्यांत यावे, असें पत्र आम्हीं चिटणीसांकडे धाडिलें आहे. त्यावर आमच्या सहीखालीं काकांनींहि आपली सही केली आहे.